प्रोस्टेट कॅन्सरच्या निदानानंतर शरीरसुख: कुठून सुरुवात करायची, पुढे काय करायचं

निदानाच्या दिवशी आम्ही उठायला लागलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “अजून काही शंका?” मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे, आणि दोघंही “नाही” म्हणून बाहेर पडलो. शंका होती. दोघांच्या मनात तीच होती, हे कळायला पुढे आठ महिने लागले.

माझी प्रोस्टेट ऑपरेशनने काढली, त्याला आता सहा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही. पण नव्याने निदान झालेली माणसं बोलायला येतात, तेव्हा इकडचं तिकडचं झाल्यावर अगदी शेवटी, आवाज खाली आणून, हाच विषय काढतात. त्यांना मी जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो आहे. औषधांचं आणि डोसचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांच्याशी काय बोलायचं हे तुम्हाला आधी माहीत असावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी: चार गोष्टी वेगळ्या करा

“आता सगळं संपलं” असं आपण म्हणतो, तेव्हा त्या “सगळं”मध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी असतात: इच्छा, ताठरता, वीर्य आणि कामपूर्ती, म्हणजे ज्याला ऑरगॅझम म्हणतात ते. या चौघींचं काम शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी चालतं. कॅन्सरचा उपचार चारही गोष्टींवर सारखा घाव घालत नाही. हे एवढं जरी नीट समजलं तरी अर्धी भीती उतरते. माझी तरी उतरली होती.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीला वेढून बसलेली. वीर्यातला बराचसा द्रव ती आणि तिच्या मागच्या वीर्यकोश नावाच्या दोन पिशव्या तयार करतात. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना चिकटून बारीक मज्जातंतूंचे जुडगे जातात. लिंगात रक्त भरण्याचा निरोप त्यांच्यातूनच पोचतो. लिंगाच्या त्वचेचा स्पर्श मात्र दुसऱ्या मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो, त्यांचा रस्ता वेगळा आहे. आणि इच्छा अवलंबून असते मुख्यतः वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर आणि मनावर.

आता उपचार बघा. ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट आणि वीर्यकोश दोन्ही निघतात, म्हणून त्या दिवसापासून वीर्य येणं कायमचं बंद होतं. ताठरतेला पहिल्याच दिवशी धक्का बसतो आणि नंतर ती हळूहळू सावरते, पूर्ण किंवा अर्धवट. इच्छा आणि स्पर्शाची जाणीव राहते. कामपूर्ती होते, फक्त कोरडी. ताठरता नसतानाही ती होऊ शकते, हे ऐकून बहुतेक पुरुष चकित होतात.

रेडिएशनचं उलट असतं. सुरुवातीला फारसं काही बदलत नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत ताठरता हळूहळू कमी होत जाऊ शकते, वीर्यही कमी होतं. हार्मोनचं इंजेक्शन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी करणारं, सुरू असेल तर सगळ्यात आधी इच्छाच मावळते. नुसती देखरेख चालू असेल, म्हणजे उपचार न करता ठरावीक काळाने तपासण्या, तर शरीराला धक्का नाही; काळजीने मात्र झोप आणि इच्छा दोन्ही उडू शकतात. बायोप्सीनंतर काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं, लालसर किंवा तपकिरी. ते बघून माणूस हादरतो, पण बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं.

दुसरी पायरी: उपचाराआधीची तयारी

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. नंतर कितीही वाटलं तरी मागे जाऊन ती करता येत नाही.

आज तुमची ताठरता कशी आहे, हे आधी लिहून ठेवा. डॉक्टरांकडे पाच प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो. त्याचे एकूण गुण २५. २२ किंवा जास्त आले तर अडचण नाही असं धरतात. हा आकडा महत्त्वाचा अशासाठी, की मधुमेह, रक्तदाब, सिगारेट, वय यांमुळे ज्यांची ताठरता आधीच कमी झालेली आहे, त्यांना उपचारानंतर त्याहून अधिक मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. सुरुवात कुठून झाली हे माहीत नसेल, तर नंतर स्वतःला उगाच दोष दिला जातो.

ऑपरेशन ठरत असेल तर विचारा: “दोन्ही बाजूंचे मज्जातंतू वाचवता येतील का? एका बाजूचे? की नाहीच?” एके काळी हा प्रश्नच नव्हता, कारण ते मज्जातंतू नेमके कुठून जातात हे सर्जनना माहीत नव्हतं. पॅट्रिक वॉल्श या अमेरिकन सर्जनने नेदरलँड्समधल्या पीटर डोंकर यांच्याबरोबर त्यांचा माग काढला आणि १९८२ मध्ये ते मज्जातंतू जाणीवपूर्वक वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. आज ही पद्धत सगळीकडे वापरली जाते. पण गाठ कडेला, मज्जातंतूंना लागून असेल, तर ते वाचवण्याच्या नादात कॅन्सर मागे राहू शकतो. म्हणून आग्रह धरू नका, कारण विचारा. तुमच्या गाठीची जागा डॉक्टर चित्र काढून दाखवू शकतात.

मूल हवं असेल, किंवा पुढेमागे हवंसं वाटेल असं असेल, तर उपचार सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. वयाचा संकोच करू नका. दुसरं लग्न झालेल्या एका गृहस्थांना हे ऑपरेशन झाल्यावर कळलं. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

आणि तोंडाने बोलायला जमत नसेल तर कागदावर लिहून न्या. मी शेवटी तेच केलं. चौकोनी घडी घातलेला कागद डॉक्टरांच्या टेबलावर सरकवला. त्यांनी तो उलगडून शांतपणे वाचला आणि एकेका ओळीचं उत्तर दिलं. पाच मिनिटं लागली. कागदावर एवढंच होतं:

माझ्या बाबतीत कोणते उपचार शक्य आहेत आणि प्रत्येकाने ताठरतेचं काय होईल?
मज्जातंतू वाचवता येतील का?
किती महिने वाट बघायची?
वाट बघताना काय करायचं?
माझ्या हृदयाची आणि रक्तदाबाची औषधं बघता कोणत्या गोळ्या चालतील?

तिसरी पायरी: पहिले काही आठवडे

ऑपरेशननंतर साधारण एक ते दोन आठवडे लघवीची नळी असते. नळी असेपर्यंत ओटीपोटाचे व्यायाम करायचे नाहीत. निघाली की डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करा. लघवीवर ताबा येण्यासाठी ते आहेतच, शिवाय ताठरतेलाही त्यांची मदत होऊ शकते. अर्नोल्ड केगल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतिणींसाठी. पुरुषांना ते तितकेच लागू पडतात.

नेमका स्नायू सापडणं हीच खरी अडचण असते. आरशासमोर उभे राहा. वायू सरणं रोखताना आत जसं ओढता, तसं ओढा. लिंगाचं मूळ किंचित आत गेलं आणि वृषण जरासे वर उचलले गेले, तर बरोबर स्नायू सापडला. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. पाच सेकंद धरा, तितकाच वेळ सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम रोज करू नका. स्नायू ओळखायला एखाद्या वेळी ठीक आहे.

संभोग कधी सुरू करायचा? ऑपरेशन असेल तर बहुतेक सर्जन साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. मिठीत झोपायला मात्र पहिल्या दिवसापासून कसलीच मनाई नाही.

मनातली एक भीती इथेच काढून टाका. कॅन्सर शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही, आणि संबंध ठेवल्याने तो वाढतही नाही. दोन ठिकाणी मात्र निरोध वापरायचा. एक, प्रोस्टेटमध्ये किरणोत्सर्गी दाणे बसवले असतील तर सुरुवातीचे काही आठवडे, कारण क्वचित एखादा दाणा वीर्यातून बाहेर येऊ शकतो. दुसरं, केमोथेरपी चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस.

चौथी पायरी: आधी बोलणं, मग स्पर्श

पंप, गोळ्या, इंजेक्शन यांच्या आधी ही पायरी मी मुद्दाम ठेवली आहे.

ऑपरेशननंतर मी पाठ करून झोपायला लागलो. जवळ गेलो तर तिची अपेक्षा वाढेल, आणि ती मला पुरी करता येणार नाही, असा माझा हिशोब. म्हणून खांद्यावर हात ठेवणंही बंद झालं. स्वयंपाकघरात जाता-येता पाठीवर टेकणारा तळवाही गेला. एका रात्री दिवा मालवल्यावर ती अंधारातच म्हणाली, “तुम्ही पाठ करून झोपता. मला वाटलं, आता मी नकोशी झाले.” मी म्हटलं, “मला वाटलं, मी तुला अर्धवट ठेवीन.” आठ महिने दोघंही दुसऱ्याला जपण्यासाठीच गप्प होतो. त्या रात्री संभोग वगैरे काही झालं नाही. ती माझा हात धरून झोपली.

पहिलं वाक्यच सुचत नसेल तर हे घ्या: “मला तुझ्याजवळ यायचं आहे, पण शरीर साथ देईल की नाही याची खात्री नाही, म्हणून मी लांब राहतो.” एवढं पुरतं. बिछान्यावर, ऐन वेळी हे बोलू नका. फिरायला गेल्यावर शेजारी चालताना बोलणं सोपं जातं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

मग स्पर्शाकडे परत या. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या लैंगिक जीवनावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन जोडीने त्यासाठी घालून दिलेली एक पद्धत आजही समुपदेशक शिकवतात. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, दार बंद, फोन बाहेर. एकाने दुसऱ्याच्या शरीरावरून हात फिरवायचा, मग अदलाबदल. पहिले काही आठवडे स्तन आणि जननेंद्रियांना हात लावायचा नाही आणि संभोगाला पूर्ण बंदी. ही बंदी हेच तिचं मर्म आहे. “जमेल का” हा प्रश्नच त्या अर्ध्या तासातून बाहेर काढलेला असतो, त्यामुळे अंग सैल पडतं. पुढे टप्प्याटप्प्याने एकेक बंदी उठवायची. हाताने, तोंडाने दिलेलं सुख हेही पूर्ण सुख आहे. ज्यांनी आयुष्यभर संभोग एके संभोग केलं, त्यांना हे पटायला वेळ लागतो, पण पटतं.

जोडीदार स्त्री असेल आणि तिची पाळी गेली असेल, तर तिलाही कोरडेपणाचा त्रास असू शकतो. महिन्यांच्या खंडानंतर तो जास्तच जाणवतो. पाण्यात विरघळणारं वंगणाचं जेल जवळ ठेवा. तिचं दुखणं तिने सोसायचं असं होता कामा नये, त्यावरही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपाय आहेत. जोडीदार पुरुष असेल तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. गुदसंभोग पुन्हा कधी सुरू करायचा हे ऑपरेशन आणि रेडिएशन यांप्रमाणे बदलतं, आणि ते माहीत असल्याशिवाय डॉक्टर नीट सल्ला देऊ शकत नाहीत.

पाचवी पायरी: ताठरतेवरचे उपाय

साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे जातात.

गोळ्या. सिल्डेनाफिल १९९८ पासून वापरात आहे, टाडालाफिल त्यानंतर काही वर्षांनी आली. सिल्डेनाफिल संबंधाच्या सुमारे तासभर आधी, शक्यतो रिकाम्या पोटी. तेलकट जेवणानंतर घेतली तर उशिरा लागू पडते. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत टिकतो आणि जेवणाचा तिला फरक पडत नाही. गोळी घेऊन नुसतं पडून राहिलं तर काही होत नाही. स्पर्श, उत्तेजना लागतेच. निदान पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी करून बघितल्याशिवाय “लागू पडत नाही” म्हणू नका. डोकं दुखणं, चेहरा गरम होणं, नाक चोंदणं हे नेहमीचे त्रास आहेत.

छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं घेत असाल, जिभेखाली ठेवायची गोळी किंवा फवारासुद्धा, तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. दोन्हींमुळे मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. लघवीसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असेल तर तेही सांगा. हृदयाबद्दलचा एक साधा अंदाज असा: दोन जिने भराभर चढताना छातीत दुखत नसेल, फार धाप लागत नसेल, तर संभोगाचा ताण सहसा झेपतो. झेपत नसेल तर आधी हृदयाची तपासणी. आणि “नैसर्गिक” म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्या घेऊ नका. तपासणीत अशा कित्येक पुड्यांमध्ये न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिलच सापडलेलं आहे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत या गोळ्यांनी बहुतेकांची निराशा होते, आणि त्याचं कारण समजून घ्यायला हवं. गोळी मज्जातंतूंकडून आलेला निरोप मोठा करते. मज्जातंतू वाचवले असले तरी ऑपरेशनच्या ओढाताणीने ते काही काळ सुन्न पडतात. निरोपच निघाला नाही तर गोळी मोठं काय करणार? ते जागे व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात. तेवढ्या काळात लिंगातल्या ऊतीला ताजं रक्त मिळालं नाही तर ती आखडते, लांबी थोडी कमी होते. म्हणून कित्येक डॉक्टर लवकरच गोळी किंवा पंप सुरू करतात. त्याने मज्जातंतू लवकर बरे होतातच असं सिद्ध झालेलं नाही. ऊतीची निगा राहावी, एवढा त्यामागचा विचार आहे.

पंप. प्लास्टिकची नळी, तिला हाताने किंवा बॅटरीवर चालणारा पंप आणि एक रबरी कडं. नळीच्या तोंडाला भरपूर जेल लावायचं, मुळाशी केस कापून घ्यायचे, नाहीतर हवा गळते आणि केस ओढले जातात. नळी अंगाशी घट्ट टेकवून सावकाश हवा काढायची, मध्ये थांबत थांबत. रक्त भरलं की कडं मुळाशी सरकवायचं. ते ३० मिनिटांच्या वर ठेवायचं नाही, आणि कडं चढवून झोपायचं तर नाहीच. लिंग थोडं थंड आणि निळसर वाटतं. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर आधी विचारा.

आम्ही पहिल्यांदा तो वापरला तेव्हा बायकोने चष्मा लावून माहितीपत्रक मोठ्याने वाचलं आणि मी एकेक कृती केली. तीन वेळा हवा गळाली. चौथ्यांदा ती म्हणाली, “थांबा, जेल इथे कमी पडलंय,” आणि स्वतःच्या बोटाने लावलं. काम त्या दिवशीही धड जमलं नाही, पण वस्तू माझी एकट्याची राहिली नाही. एकट्याने, बाथरूममध्ये लपून सराव करणाऱ्यांपेक्षा जोडीने शिकणारे जास्त टिकतात, असं मी पाहिलं आहे.

इंजेक्शन. लिंगात सुई हे शब्द ऐकूनच माणूस नको म्हणतो. सुई मात्र इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते आणि औषधाला मज्जातंतूंच्या निरोपाची गरज लागत नाही, म्हणून जिथे गोळ्या हरतात तिथे हे बऱ्याचदा चालतं. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, तिथेच शिकवतात. लिंगाच्या बाजूला टोचायचं, वर किंवा खाली मधोमध कधीच नाही. दर वेळी बाजू बदलायची, २४ तासांत एकदाच आणि आठवड्यातून जास्तीत जास्त तीनदा. ताठरता चार तासांवर टिकली तर लाजून घरी बसू नका, तडक तातडीच्या विभागात जा. उशीर झाला तर ऊती कायमची खराब होते. हा नियम गोळ्यांनाही लागू आहे.

इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशनने आत बसवलेलं साधन. लिंगात दोन नळ्या, पोटात द्रवाची पिशवी, वृषणाच्या थैलीत बोटाने दाबायचा छोटा पंप, सगळं आतमध्ये. पंप दाबत गेलं की ताठ, त्यावरचं बटण दाबलं की पूर्ववत. स्पर्श आणि कामपूर्ती जशी होती तशीच राहते. पण यानंतर मागे फिरता येत नाही, नैसर्गिक ताठरतेची शक्यता संपते. म्हणून बाकी सगळं करून झाल्यावर, पुरेशी वाट बघून हा निर्णय घेतात.

सहावी पायरी: कोणी न सांगितलेल्या गोष्टी

कामपूर्तीच्या क्षणी थोडी लघवी निसटणं, हे ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं. लघवी निर्जंतुक असते असं समजायचं कारण नाही, पण जोडीदाराला तिचा सहसा अपाय होत नाही. आधी मूत्राशय रिकामं करा, वाटल्यास निरोध वापरा, खाली टॉवेल ठेवा आणि व्यायाम सोडू नका. बहुतेकांना काळाबरोबर फरक पडतो. लिंग वाकडं होत आहे किंवा ताठ होताना दुखतं आहे असं वाटलं, तर वाट न बघता दाखवा.

सातवी पायरी: हार्मोनचं इंजेक्शन चालू असेल तर

टेस्टोस्टेरॉन कमी केलं की प्रोस्टेटचा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. हे इंजेक्शन त्याच तत्त्वावर आहे. त्यामुळे इच्छा जाते, अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, स्नायू कमी होऊन पोट वाढतं, छाती दुखरी होते. इच्छा गेली याचा अर्थ प्रेम गेलं असा जोडीदार लावू शकतो, म्हणून हे कशामुळे होतं ते दोघांनी एकत्र बसून डॉक्टरांकडून ऐका. वजन उचलण्याचा व्यायाम आणि चालणं यांनी थकवा आणि स्नायूंची झीज दोन्ही कमी होतात. इच्छा आपसूक येण्याची वाट बघू नका. वेळ ठरवून जवळ या, कधी कधी स्पर्शामागून इच्छा येते. इंजेक्शनं थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन पुन्हा वाढायला काही महिने लागतात, वय जास्त असेल तर आणखी. मधल्या काळात कोणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं जेल किंवा इंजेक्शन मुळीच घेऊ नका.

आठवी पायरी: पुढच्या तपासण्या

प्रोस्टेट अंगात असेल, म्हणजे देखरेख चालू आहे किंवा रेडिएशन झालं आहे, तर पीएसएच्या (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाच्या) रक्ततपासणीआधी ४८ तास वीर्यपतन टाळा, नाहीतर आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. उदासी दोन-तीन आठवडे हटत नसेल, झोप, भूक, बोलणं कमी झालं असेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. मानसोपचाराची औषधं लागली तर त्यांतली काही ताठरता आणि इच्छा कमी करतात, तेव्हा प्रोस्टेटचा आजार आहे हे त्या डॉक्टरांनाही माहीत हवं.

आणि तो पाच प्रश्नांचा फॉर्म दर सहा महिन्यांनी पुन्हा भरा. उपचाराआधीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी-शेजारी लिहून, तारखेसह, पीएसएच्या रिपोर्टला टाचणी लावून न्या. उपाय बदलायचा की आणखी थांबायचं, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं, आणि विषय कसा काढायचा हा प्रश्नही उरत नाही.